गावातल्या गावात पाठवलेलं कार्ड

आज दुपारपासून खाली आवारात पऱ्हाट्या जळताहेत. थंडी पडली की कापसाच्या या वाळक्या काटक्यांना जळगावात मान येतो. एरवी त्या बांधावर पडून असतात, पण भरताची वांगी भाजायची तर त्याच लागतात. गॅसवर भाजलेल्या वांग्याला इथे कोणी भरीत म्हणायला तयार नाही. आमच्या इमारतीत दरवर्षी या दिवसांत भरताचा बेत होतो. धूर जिन्याजिन्याने चढत तिसऱ्या मजल्यावर माझ्या खिडकीशी येतो, त्यात साल करपल्याचा तो कडवट-गोडसर वास, आणि मागोमाग लाकडी बडगीत वांगी ठेचल्याचा संथ आवाज. चार दिवसांपूर्वी सेक्रेटरी स्वतः वर आले होते. दारातच उभे राहिले, चपलाही काढल्या नाहीत. "काका, धुराचा त्रास नाही ना होणार तुम्हाला? आणि येणार असाल तर तेवढं कळवा, म्हणजे त्या अंदाजाने वांगी आणता येतील." फार सभ्य माणूस आहे. मी "बघतो, कळवतो" म्हणालो आणि कळवलं नाही. आता सगळे खाली जमलेत, हसताहेत, आणि दार वाजवायला वर कोणी येणार नाही, कारण मी कळवलेलं नाही. रीतीने पाहिलं तर त्यांचं काहीच चुकलेलं नाही.

अशा सभ्य माणसांनी माझं आयुष्य भरून गेलेलं आहे. मुलगी हैदराबादेहून फोन करते तेव्हा पहिलं वाक्य असतं, "बाबा, आत्ता बोलू ना? काही करत नव्हतास ना?" मी काय करत असणार! पण विचारते बिचारी. पुतण्या याच गावात असतो. तो यायच्या आधी दोन दिवस निरोप पाठवतो, ठरलेल्या वेळेला येतो, ठरलेल्या वेळेला उठतो. बायको होती तोवर निदान एक माणूस न विचारता माझा चष्मा घालायचं आणि माझ्या कपातला उरलेला चहा पिऊन टाकायचं. तिच्या जाण्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला एकटं वाटतं. साठी उलटलेल्या माणसाने असं सरळ लिहू नये, जरा आडवळणाने सुचवावं, असा संकेत आहे. पण वाटतं ते वाटतं. आणि ज्याचा कोणाला दोष देता येत नाही अशा एकटेपणाचा उगम शोधू लागलो की मी दर वेळी अमळनेरच्या एका वर्गात आणि तिथून चालत दहा मिनिटांवरच्या एका स्वयंपाकघरात जाऊन पोचतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. धुळ्याकडच्या एका खेड्यातून मी अमळनेरला कॉलेजात आलो होतो. मराठीसुद्धा पुस्तकी बोलायला घाबरायचो, तिथे इंग्रजीची काय कथा. पण इंग्रजीचे सर असे होते, की त्यांच्या तासाला मागच्या बाकावरची मंडळीही पुढे येऊन बसत. ते कधी शब्दाचा अर्थ नुसता सांगून मोकळे होत नसत. म्हणायचे, "अर्थ तुम्हाला कोणीही सांगेल. इंग्रज माणूस हे केव्हा बोलतो आणि बोलताना त्याचा चेहरा कसा होतो, ते बघा." एका सकाळी त्यांनी फळ्यावर 'टेक फॉर ग्रँटेड' हे लिहिलं आणि पूर्ण तास त्यावरच घालवला. एखादी गोष्ट, एखादा माणूस इतका ठरलेला मानायचा, की तो आहे हे जाणवणंच बंद व्हावं. कोणीतरी "अतिपरिचयादवज्ञा" म्हणालं, कोणी "पिकतं तिथे विकत नाही" म्हणालं. सरांनी नकारार्थी मान हलवली. अवज्ञेत निदान दुसऱ्याकडे लक्ष तरी असतं, म्हणाले. इथे लक्षच नसतं. मग गाडी वेळेवर येईल असं धरून चालण्यालाही इंग्रज हेच शब्द वापरतो, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मागून एकजण म्हणाला, "सर, आपल्याकडे गाडी वेळेवर येईल असं कोणीच धरत नाही." वर्ग हसला, सरही हसले.

पण तासाच्या शेवटी ते जे बोलले ते माझ्या मनात रुतून बसलं. म्हणाले, माणसाबद्दल बोलायचं तर इंग्रज हे वाक्य दोनच वेळा उच्चारतो. एकदा तक्रार म्हणून, बायको नवऱ्याला म्हणते तसं, की तू मला गृहीत धरतोस. आणि एकदा कबुली म्हणून, माणूस हातचा गेल्यावर, की मी तिला गृहीत धरलं. मधल्या काळात, म्हणजे तो खरोखरच तसं वागत असतो त्या काळात, त्याला हे वाक्य सुचत नाही. एवढं बोलून सरांनी फळा पुसला. मी मात्र एकदम सावध झालो. मला वाटलं, आपल्याला ते मधल्या काळातच सुचलं आहे. आपण वेळेत शहाणे झालो. कारण ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे अक्का उभी होती.

अक्का नात्यागोत्याची कोणी नव्हे. माझ्या आईच्या माहेरी दोघींची घरं समोरासमोर होती, एवढंच. लग्न होऊन ती अमळनेरला आली, नाना जिनिंगमध्ये मुकादम होते, दोन्ही मुली नांदायला गेलेल्या. माझ्या खाणावळीला रविवारी संध्याकाळी सुट्टी असे. पहिल्याच रविवारी आईने दिलेला निरोप पोचवायला म्हणून मी गेलो आणि जेवून आलो, आणि मग दीड वर्ष दर रविवारी जात राहिलो. मागच्या दाराने शिरायचं, मोरीवर पाय धुवायचे, मांडणीतून आपलं ताट आपण काढून चुलीपुढे बसायचं. तिने कधी "जेवणार का?" असं विचारलं नाही, मी कधी "येऊ का?" असं विचारलं नाही. तिच्या टोपल्यात घरच्यांपेक्षा एक भाकर नेहमी जास्त असे. कळण्याची, ज्वारीत उडीद घालून दळलेली, काळपट आणि खमंग. "येनारनी भाकर," ती म्हणायची. येणारा कोण, हे ठरलेलं नसे. कोणी आलंच नाही तर ती सकाळी दुधात कुस्करली जायची, पण भाकरी टाकताना ती एक टाकली नाही असा दिवस नव्हता.

आणि वसुलीही तशीच चालायची, हे सांगायला हवं, नाहीतर अक्का म्हणजे कोणी देवी होती असं वाटेल. ती तोंडाची फटकळ होती. मी घास तोंडात घालतो न घालतो तोच, "ऊठ, ती कोठीवरनी परात काढ," असं फर्मान सुटायचं. धुतलेल्या गोधडीचं दुसरं टोक धरून पिळायला मी, माळ्यावर चढायला मी, मुलींना पत्र लिहायला मी. पत्रात काय लिहू असं विचारलं तर म्हणायची, "तुले माहीत नही का? लिख तुन्हा मनथून." आणि मी मनानेच चार ओळी लिहायचो. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं तर मी अंगात घातलेला असतानाच ती सुई-दोरा घेऊन बसायची, आणि हललो की पाठीत धपाटा. नाना वर्तमानपत्र माझ्या मांडीवर टाकून नुसतं "वाच" म्हणत आणि डोळे मिटून घेत. त्या घरात माझ्यासाठी म्हणून कोणी कधी काही केलं नाही. केलं असतं तर मी बुजलो असतो.

हे सगळं मला त्या तासानंतर एकदम लाजिरवाणं वाटू लागलं. दीड वर्ष आपण रिकाम्या हाताने जातो, आयतं गिळतो, एकदाही आभार मानले नाहीत! इंग्रजांच्या घरी म्हणे सख्खा मुलगासुद्धा यायच्या आधी कळवतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी त्या आठवड्यात माझ्या दावणीला आणून बांधला. पोस्टात जाऊन एक कार्ड घेतलं आणि अमळनेरहून अमळनेरला, दहा मिनिटांच्या अंतरावर, सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. येत्या रविवारी आपणांस सोयीचे असल्यास सायंकाळी सात वाजता भोजनास येऊ इच्छितो. आजवर मी आपणांस गृहीत धरीत आलो, याबद्दल क्षमस्व. मजकूर दोनदा वाचला आणि स्वतःवर खूश होऊन पेटीत टाकला.

रविवारी मी इस्त्रीचा सदरा घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन, पहिल्यांदाच पुढच्या दाराने गेलो. ओटा सारवलेला होता. नाना टोपी घालून पुढच्या खोलीत बसलेले होते. मला पाहताच ते उठून उभे राहिले. नाना! "या, बसा," म्हणाले, आणि मला खुर्ची दिली. ती खुर्ची शेजारून आणलेली होती हे मला माहीत होतं, कारण त्या घरात खुर्ची नव्हती. मग त्यांनी हसत हसत कार्डाची हकिगत सांगितली. पोस्टमनने कार्ड दिलं तेव्हा ते कामावर होते. अक्काने आधी कार्डाचे चारी कोपरे बोटांनी चाचपून पाहिले. आमच्याकडे मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात. कोपरे शाबूत होते, तरी तिचा धीर होईना. पोरींपैकी कोणाचं काही बरंवाईट? वाचता येत नव्हतं म्हणून तिने पोस्टमनलाच वाचायला लावलं. तोवर चार बायका जमल्या होत्या. त्याने ओट्यावर उभं राहून खणखणीत आवाजात वाचलं, की अक्काच्या घरी दर रविवारी येणाऱ्या पोराने जेवायला येऊ का म्हणून सरकारी कार्डावर परवानगी मागितली आहे. "सगळी गल्ली हसली," नाना म्हणाले. ते स्वतः मात्र आता हसत नव्हते.

जेवायला पाट मांडला होता, ताटाभोवती रांगोळी होती. खापरावरचे मांडे, झणझणीत आमटीसारखी रशी, कुरडया, भजी. त्या माउलीचा अख्खा दिवस त्यात गेला असणार. डोक्यावरचा पदर सारखा करत ती वाढायला आली, आणि आग्रह करू लागली. एरवी तिने कधी आग्रह केला नव्हता; ताटात टाकायची, खायचं. मी आनंदात होतो. माझ्या कार्डामुळे आपला मान केवढा वाढला, असं मला वाटत होतं. तीन मांडे खाल्ले. मग हात धुऊन, विद्वानाच्या थाटात, मी तिला ते इंग्रजी वाक्य समजावून सांगितलं. माणसांना असं गृहीत धरू नये, ती आहेतच, ती करणारच, असं मानू नये, वगैरे. अक्का दाराच्या चौकटीला टेकून शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "मंग आपला मानूस कसाले ऱ्हास रे?"

आपलं माणूस मग असतं कशासाठी? मी काय केलं असेल? तिला समजलं नाही असं समजून मी तेच पुन्हा पहिल्यापासून, अधिक सोपं करून सांगितलं. या वेळी ती नुसती "बरं" म्हणाली आणि तिने पेढ्यांच्या पुड्याला हळदकुंकू लावून तो देवापुढे ठेवला.

त्यानंतर मागचं दार माझ्यासाठी कोणी बंद केलं असं नाही. मीच आता त्या दाराने जाऊ शकत नव्हतो. जाण्याआधी कळवायचं हे मीच ठरवलं होतं, आणि कळवलं की पाट, रांगोळी आणि मांडे. एका जेवणासाठी बाईला दिवसभर खापरापुढे बसवायचं मनाला पटेना, म्हणून मी महिन्याने जाऊ लागलो, मग सणावारी. अक्काने एकदाही मला माळ्यावर चढवलं नाही. मुलींची पत्रं ती शेजारच्या सुनेकडून लिहून घेऊ लागली. एकदा माझ्या बाहीचं बटण तुटलेलं होतं. तिचे डोळे तिथे गेलेले मी पाहिले, आणि तिने ते दुसरीकडे वळवले. त्या क्षणी काहीतरी हातून निसटतंय हे मला कळायला हवं होतं. मला आपलं हायसं वाटलं, की चला, आपला कोणाला भार नाही. मग परीक्षा आल्या, धुळ्याला कचेरीत चिकटलो, लग्न झालं. आई गेली, आणि त्या बाजूच्या बातम्या आणणारं कोणी उरलं नाही.

पुढे दहा-बारा वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका कामासाठी एसटीने अमळनेरला गेलो होतो. काम बारा वाजताच संपलं. स्टँडवर उभा असताना एकाएकी वाटलं, की आज जायचं. न कळवता जायचं, मागच्या दाराने शिरायचं, ताट काढून बसायचं आणि म्हणायचं, अक्का, भूक लागली. चालताना माझे पाय इतके हलके झाले होते की मलाच नवल वाटलं. बाजारातून काही घ्यावं असं मनात आलं, ते मी मुद्दाम घेतलं नाही. मागच्या दारापाशी पोचलो. दार उघडंच होतं. आत अक्का एकटी बसून तांदूळ निवडत होती. तिचं कपाळ मोकळं होतं.

तिने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि गडबडीने उठत म्हणाली, "आरे, इकडथून कसाले? पुढे ये, पुढे बठ." मला पुढच्या खोलीत नेऊन तिने खाटेवर चादर अंथरली. भिंतीवर नानांचा फोटो होता, हार घातलेला, हारही सुकून गेलेला. तीन महिने झाले होते. मी एवढंच म्हणालो, "मला कळवलंही नाही, अक्का?"

"कार्ड धाडाना इचार कया व्हता," ती म्हणाली. "मंग म्हंतं, तू कामना मानूस. कसाले तुले तरास."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे. असता तर मला बरं वाटलं असतं. तिने फक्त माझा विचार केला होता. माझी सोय पाहिली होती, जशी मी त्या कार्डावर तिची पाहिली होती. नाना गेले तेव्हा गल्लीतली माणसं न बोलावता आली, खांदा द्यायला कोणी कार्डाची वाट पाहिली नाही, आणि ज्याच्या मांडीवर ते वर्तमानपत्र टाकायचे तो मी धुळ्याला, दोन तासांच्या अंतरावर, कचेरीत बसून होतो. ती आत चहा ठेवायला गेली. डब्यांची झाकणं उघडल्याचा आवाज येत होता, मग शेजारी कोणाला तरी हळू आवाजात साखर मागितल्याचा. मला उठून आत जायचं होतं, तिच्याजवळ चुलीपुढे बसून रडायचं होतं. पण आत जाऊ का, हे विचारल्याशिवाय जाता येईल अशी माझी जागा राहिली नव्हती, आणि विचारून तर कोणी रडायला जात नाही. मी खाटेवर बसून राहिलो. चहा तिने ट्रेमधून आणला.

कप खाली ठेवताना मी म्हणालो, "अक्का, ते कार्ड लिहिलं तिथेच माझं चुकलं."

"काय चुकनं तुन्हं?" ती म्हणाली. "तू ते भला मानूस शे. कोनले कधी तरास नही दिन्हा." आणि खरोखर कौतुकाने माझ्याकडे पाहिलं.

निघालो तेव्हा ती पायांत चपला घालून माझ्याबरोबर निघाली. पूर्वी मी निघायचो तेव्हा ती जागची हलायचीही नाही, भांडी घासता घासता आतूनच ओरडायची, "मांजर शिरी, दार लोट." आता ती गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत पोचवायला आली. उन्हात डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. मी वळून पाहिलं तेव्हा तिने तो हात खाली आणला, दुसरा हात त्याला जोडला आणि मला नमस्कार केला.

त्यानंतर ती फार वर्षं नव्हती. ती बातमीसुद्धा मला उशिराच कळली. सर म्हणाले होते ते खरं होतं. इंग्रज माणूस जवळचं कोणी गेलं की म्हणतो, मी तिला गृहीत धरलं. त्याची ती कबुली एखाद्या पुस्तकात किंवा सिनेमात भेटते तेव्हा मी खाली मान घालतो, आणि मनातल्या मनात त्याचा हेवा करतो. त्याच्याकडे निदान गृहीत धरण्याचे तेवढे दिवस होते. मी माझे दीड वर्षानंतर स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात, थांबवले.